हार्टचं पंपिंग नॉर्मल झालं, पण हातापायांतली थंडी जात नाही

गोदाकाठ | ९ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे. तिच्या वेळी सिझर झालं, घरी आलो आणि अकराव्या दिवशी रात्री मला आडवं पडता येईना. पडलं की खोकला, उठून बसलं की बरं. दोन दिवस आधी दाखवून आलो होतो. 'बाळंतिणीला एवढी धाप लागतेच, झोप होत नाही ना' असं म्हणून खोकल्याचं औषध दिलं होतं. त्या रात्री आई पायांना तेल लावायला बसली आणि म्हणाली, "अगं, पाय बर्फासारखे झालेत तुझे." सुजलेले आणि गार. तिने सुंठ चोळली, कानाला बांधलं, शेगडी पेटवली. पहाटे श्वास पुरेना तेव्हा नाशिकला नेलं. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग २५ टक्के. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी, म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमजोर पडणं, हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला.

नऊ दिवस आयसीयूत होते. बाळ आईजवळ. दूध बंद करायची गोळी सुरू झाली (ब्रोमोक्रिप्टीन), ते अजून आठवतं तेव्हा गळा दाटतो. तिसऱ्या महिन्यात पंपिंग ३८, आठव्या महिन्यात ४७, चौदाव्या महिन्यात ५६. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल. लघवीची गोळी बंद झाली. मेटोप्रोलोल आणि एनालाप्रिल या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत.

आता मूळ प्रश्न. हा दुसरा हिवाळा आणि मला थंडी अजिबात सोसत नाही. पूर्वी मी डिसेंबरात पहाटे आडावरच्या पाण्याने सडा घालणारी मुलगी होते. आता नळाखाली दोन भांडी विसळली की बोटांची टोकं पांढरी पडतात. सकाळची शाळा असली की स्कूटीवर ब्रेक दाबलाय की नाही हे बोटांना कळत नाही. वर्गात पोरं म्हणतात, मॅडम तुमचा हात किती गार! रात्री दोन मोजे, रजई, तरी पाय तापत नाहीत. मुलगी झोपेत पाय लागला की स्वतःचा पाय काढून घेते.

या आठवड्यात इकडे पारा ६ अंशांवर आलाय, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्यात, सगळ्यांनाच थंडी आहे. पण माझी वेगळी आहे. आणि खरं सांगायचं तर मला थंडीपेक्षा भीती जास्त वाटते. पाय गार पडले की ती रात्र आठवते. मी उठते, नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघते, मग झोप जाते.

आईचं म्हणणं एकच. चाळीस दिवस शेकशेगडी झाली नाही, त्यात आयसीयूचा एसी, म्हणून अंगात थंडी भरली, ती आता जन्मभर राहणार. मी आयसीयूत होते आणि ती आजही स्वतःला दोष देतेय.

कुणाला असं झालंय का? हे हार्टचं, गोळ्यांचं, की आणखी कशाचं?


कोवळंऊन | ९ जानेवारी, रात्री ११.१५

तुझ्यासारखा आजार नाही, पण धडधडीसाठी चार वर्षं मेटोप्रोलोल घेतेय. हातपाय गार पडणं सेम टू सेम. मी ठाण्यात राहते, इथे थंडी ती काय असणार, तरी लोकलच्या एसी डब्यात मोजे घालून बसते. गोळ्यांच्या कागदावर हा परिणाम लिहिलेलाही आहे.


तांबडीमाती | १० जानेवारी, सकाळी ६.५०

बाळा, मी सातारा जिल्ह्यातली, वय ६८. दोन सुनांची आणि लेकीची बाळंतपणं केली. तुझ्या आईचं चूक म्हणू नकोस. शेक, धुरी, ओवा-बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, हे सगळं बाईचं अंग भरून यावं म्हणूनच आहे. ज्यांची शेकशेगडी हुकली त्यांना पुढे कंबर धरणं, वारं सहन न होणं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता निदान या थंडीत रोज तिळाच्या तेलाने अंग रगडून घे आणि बाळंतकाढा सुरू कर. उशीर झाला तरी गुण येतो.


स्टेथो_सांगली | १० जानेवारी, दुपारी २.०५

मी फिजिशियन आहे. इथून निदान करता येत नाही, करणारही नाही. पण तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकतो.

आधी भीतीबद्दल. हृदय कमी पडतं तेव्हा शरीर मेंदू आणि खुद्द हृदयाला वाचवायला बघतं आणि त्वचेचा रक्तपुरवठा आखडता घेतं. म्हणून हातपाय गार पडतात. त्या रात्री तुमच्या आईंच्या हाताला जे लागलं ते हेच होतं. अशी गारठ एकटी येत नाही. आडवं पडल्यावर धाप, झोपायला जास्त उशा लागणं, घोट्यांना सूज, लघवी कमी, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काहीतरी बरोबर असतं. आणि उन्हात बसलं म्हणून ती जात नाही. तुमची गारठ पाण्यात हात घातला की येते आणि ऊब मिळाली की जाते. ही जास्त करून रक्तवाहिन्यांची बाब दिसते.

रात्री नडगी दाबत बसण्यापेक्षा वजनकाटा घ्या. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर फोन करायचा. आकडा जागेवर असेल तर त्या दिवशी गार पायांना घाबरायचं नाही.

आता कारणं. मेटोप्रोलोल हे पहिलं, ते बीटा ब्लॉकर गटातलं. बीटा ब्लॉकरने हृदयाचा वेग कमी होतो आणि हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावायला जी सोय असते तिच्यावरही थोडा दाब येतो. कार्व्हेडिलॉल याच गटातलं, पण ते रक्तवाहिन्या सैलही करतं, त्यामुळे काहींना त्याने हातपाय कमी गार पडतात. बदलायचं की नाही हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. ब्रोमोक्रिप्टीन चालू असताना थंडीत बोटं पांढरी पडू शकतात हे माहीत आहे, पण ते बंद होऊन दोन वर्षं झाली असतील तर त्याच्यावर खापर फोडता येणार नाही.

दुसरं, रक्त. हिमोग्लोबिन एवढंच बघू नका, फेरीटिनही (लोहाच्या साठ्याची तपासणी) करा. लोहाचा साठा रिता झाला तरी हिमोग्लोबिन काही काळ बरं दिसतं. शाकाहारी असाल तर बी १२ सुद्धा.

तिसरं, थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येऊन ते मंदावणं हे बऱ्याच बायकांत होतं आणि थंडी न सोसणं ही त्याची ठरलेली तक्रार. टीएसएचबरोबर (थायरॉइडला मिळणारा हुकूम) फ्री टी ४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) करून घ्या. कारण सांगतो. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते, तिला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्यात हुकूम देणारी ग्रंथीच थकलेली असते, म्हणून टीएसएच नॉर्मल दिसतो आणि फसगत होते. दूध न येणं आणि पाळी न येणं या त्याच्या खुणा. तुमचं दूध गोळीने थांबवलं, त्यामुळे ती खूण वाचता येत नाही. म्हणून विचारतो: रक्त खूप गेलं होतं का? पाळी परत आली का, कशी आहे? बोटं पांढरी झाल्यावर पुढे रंग बदलतो का?

तांबडीमाती काकू, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून एक गोष्ट सांगतो. उत्तर नायजेरियात झारिया नावाचं गाव आहे. तिथल्या हौसा बायका बाळंतपणानंतर आपल्यापेक्षा कितीतरी कडक शेक घेतात: खालून तापवलेला मातीचा ओटा, कढत पाण्याने अंघोळ, आणि जोडीला कानवा नावाचं खारट द्रव्य घातलेली पेज, तीही आठवडेच्या आठवडे. बाळंतपणातला हा हृदयाचा आजार जगात जिथे सर्वात जास्त आढळला त्यात तो प्रदेश पहिला, साधारण १०० बाळंतिणींमागे एक. १९७०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना संशय होता की उष्णता आणि मीठ यांचा ताण हृदयावर येतो. पुढे तो संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही. पण शेक चुकल्याने हा आजार किंवा ही थंडी येते असं असतं तर झारियात उलटं दिसायला हवं होतं. गोदाकाठ यांच्या आईंनी स्वतःला दोष द्यावा असं यात काहीच नाही.

तेल चोळायला हरकत नाही. काढ्याला मात्र आहे. ज्येष्ठमध असलेले काढे अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम कमी करतात, हृदयाच्या पेशंटने ते टाळावेत. बंद खोलीत शेगडी तर अजिबात नको. कोळशाचा धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि आत लहान मूल झोपलेलं आहे.


तांबडीमाती | १० जानेवारी, सायंकाळी ५.३०

डॉक्टर, काढ्याचं मला ठाऊक नव्हतं. मागे घेते. तेल तेवढं लाव गं बाळा, आणि आईच्याच हातून लावून घे. तिलाही बरं वाटेल.


गोदाकाठ | १० जानेवारी, रात्री ९.२०

डॉक्टर, एवढं सविस्तर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आईला तुमचा भीतीबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला. ती गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी हात लावला तो बरोबर जागी लावला होता." मी म्हटलं, हो. आपण कारण चुकीचं धरलं, पण खूण बरोबर होती.

रक्तस्राव जास्त झाला नव्हता, रक्त चढवलं नाही. पाळी सातव्या महिन्यात आली. आता नियमित आहे पण सात-सात दिवस जाते, पहिले तीन दिवस फार. दुसरं बाळ नको असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून तांबी बसवलीय. बोटं आधी पांढरी, मग निळसर, आणि चुलीजवळ धरली की लाल होऊन ठणकतात. तर्जनी आणि मधलं बोट जास्त.


स्टेथो_सांगली | १० जानेवारी, रात्री १०.१०

पांढरं-निळं-लाल हा क्रम रेनॉडचा, म्हणजे थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याच्या त्रासाचा. तोही डॉक्टरांना सांगा, फोटो काढून ठेवा. सांधे दुखत असतील किंवा बोटांची कातडी ताठ होत असेल तर आणखी तपासण्या लागतील.

पण मला आता तुमची तांबी जास्त महत्त्वाची वाटते. हृदयासाठी दुसरं गरोदरपण टाळायचं, त्यासाठी तांबी, तांब्याने पाळी वाढली, पाळीने लोह गेलं आणि लोह गेलं की थंडी सोसत नाही. अशी साखळी असू शकते. फेरीटिन आधी करा. ते कमी आलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असलेल्या आययूडीबद्दल (तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं साधन) विचारा, तिने रक्तस्राव कमी होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र तुमच्यासाठी नाहीत.


मिनेसोटा_मराठी | ११ जानेवारी, पहाटे ४.३०

मला हाच आजार २०१९ मध्ये झाला, इथे अमेरिकेत. पंपिंग ३० होतं, आता ५५. आणि हो, थंडी! इथे उणे २० असतं. पहिला हिवाळा मी खिडकीशी रडण्यात घालवला.

मला काय लागू पडलं ते सांगते. हात गार पडतात म्हणून आपण हातच झाकतो, पण धड गार पडलं की शरीर आधी हातांचं रक्त ओढून घेतं. म्हणून आतून अंगाला चिकटणारी लोकरी बनियन, त्यावर स्वेटर. मान आणि कान झाकलेले. हातमोजे आधी घालायचे, हात गार पडल्यावर नाही, कारण गार पडलेला हात मोज्यात गारच राहतो. चारही बोटं एकत्र राहतील असा मोजा जास्त उबदार. स्कूटीवर तो चालणार नाही, पण हँडलला बसवायची कव्हरं मिळतात, त्यात साध्या हातमोज्यांसकट हात घालता येतो. भांड्यांना कोमट पाणी, हा खर्च करायचाच.

पायांशी गरम पाण्याची पिशवी झोपण्याआधी ठेव आणि झोपताना काढ. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मी भाजून घेतलंय.

मन लागायला मला दोन हिवाळे लागले. ईएफ (म्हणजे हेच पंपिंग) नॉर्मल झालेल्या काही बायकांची व्यायामाची ताकद पूर्वीइतकी येत नाही, हे माझ्या कार्डिओलॉजिस्टने सांगितलं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. तोवर सगळे म्हणत होते, रिपोर्ट छान आहे ना, मग काय होतंय तुला?


पाऊलवाट | ११ जानेवारी, सकाळी ९.००

माझ्या बायकोलाही हेच झालं होतं. ईएफ ६० आल्यावर आम्ही आपलं आपण मेटोप्रोलोल बंद केलं. हात गार पडायचे थांबले, आज सात महिने झाले, ती ठणठणीत आहे. नॉर्मल हृदयाला गोळी कशाला?


स्टेथो_सांगली | ११ जानेवारी, दुपारी १.४०

पाऊलवाट, वहिनींना बरं आहे याचा आनंद आहे. तरी या महिन्यात इको करून घ्या, ही कळकळीची विनंती.

लंडनमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथीतून (हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजारातून) पूर्ण बऱ्या झालेल्या ५१ रुग्णांवर एक चाचणी झाली, ट्रेड-एचएफ नावाची, निकाल २०१८ मध्ये आले. देखरेखीखाली औषधं हळूहळू बंद केली, तरी सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचं हृदय परत ढासळू लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला काही जाणवतही नव्हतं, इकोत दिसलं. बाळंतपणातला आजार तंतोतंत तोच नाही, यातून बरं होण्याचं प्रमाण चांगलं आहे. अमेरिकेत १०० बायकांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात ७० टक्क्यांहून जास्त जणींचं ईएफ ५० किंवा वर गेलं. काहींच्या गोळ्या पुढे बंदही होतात. पण त्या डॉक्टरांनी, एकेक करून, मधे मधे इको बघत. बीटा ब्लॉकर एकदम सोडणं तर धोक्याचंच.

थंडीचं आणखी एक. सर्दीच्या तयार गोळ्यांत नाक मोकळं करणारी औषधं असतात, ती रक्तवाहिन्या आवळतात. अंगदुखीला घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने अंगात पाणी साठतं. दुकानातून विचारून आणू नका.


पाऊलवाट | १२ जानेवारी, सकाळी ८.१५

इकोची वेळ घेतली, शुक्रवारची. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.


गोदाकाठ | ३० जानेवारी, रात्री ९.४५

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.४, फेरीटिन ७, बी १२ कमी, टीएसएच आणि फ्री टी ४ दोन्ही ठीक. इको ५७. सांध्यांच्या तपासण्या निर्दोष.

फेरीटिन ७! डॉक्टरांनी लोह शिरेतून दिलं, बी १२ची इंजेक्शनं सुरू आहेत. मेटोप्रोलोलचं कार्व्हेडिलॉल केलं, कमी मात्रेपासून. तांबी बदलायचं पुढच्या महिन्यात ठरलंय. दोन वर्षं मी प्रत्येक भेटीत 'थंडी वाजते' म्हणत होते आणि इको बघून सगळे हसून 'छान' म्हणत होते. एका तीनशे-चारशे रुपयांच्या तपासणीची गोष्ट होती. याचा राग येतो, तो लपवत नाही.

वजनकाटा आणलाय. आई रोज सकाळी आकडा विचारते आणि कालनिर्णयावर लिहिते.


कोवळंऊन | ३० जानेवारी, रात्री १०.०५

मीही फेरीटिन केलं तुझं वाचून. ११.


गोदाकाठ | १८ डिसेंबर, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. उन्हाळ्यात बरं वाटलं त्याला काही अर्थ नव्हता, निफाडच्या एप्रिलमध्ये कोणाचेही पाय गरम राहतात. म्हणून हिवाळा येईपर्यंत थांबले.

फेरीटिन आता ८८. पाळी तीन दिवसांवर आली. थंडी पूर्ण गेलेली नाही. गार पाण्यात हात घातला तर दोन बोटं अजून पांढरी पडतात, पण पाचेक मिनिटांत परत येतात, पूर्वी अर्धा तास लागायचा. रात्री एका मोज्यावर भागतं. शाळेची वेळ हेडमास्तरांनी दुपारची करून दिली, ऊन पडल्यावर निघते. गेल्या महिन्याभरात मी रात्री उठून नडगी दाबलेली नाही. मुलगी आता माझ्या पायांवर पाय टाकून झोपते.


नवीसदस्य_लातूर | २१ डिसेंबर, रात्री १.१०

माफ करा, इतक्या रात्री लिहितेय. वहिनी बाळंत होऊन सहा दिवस झाले. हाच आजार सांगितलाय, ईएफ २०. आयसीयूत आहे, मी आत्ता भेटून आले. पाय एकदम गार लागले आणि ती नीट बोलत नव्हती, पेंगत होती. सासूबाई म्हणतात एसीमुळे, बाहेरून ब्लँकेट आणून देऊ का? तुमच्या धाग्यावर गार पायांना घाबरायचं नाही असं वाचलं, तसंच समजू का?


गोदाकाठ | २१ डिसेंबर, रात्री १.१८

नाही! ते माझ्यासाठी होतं, बऱ्या झालेल्या बाईसाठी. वहिनीचं वेगळं आहे. ब्लँकेट नंतर. आत्ता आत जा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांग: पाय गार पडलेत, पेंगते आहे, आधी अशी नव्हती. लघवी किती झाली तेही विचार. त्यांना माहीत असेल असं धरून बसू नकोस. सांगून आलीस की इथे लिही, मी जागी आहे.